सोलापूरच्या कामगाराचें घर आणि त्याची वाट

सोलापूर शहराचा इतिहास कोणी सांगूं लागला म्हणजे तो बहुधा तीन ठिकाणीं थांबतो. भुईकोट किल्ला आणि त्याच्या शेजारचें सिद्धेश्वराचें तळें हें पहिलें ठिकाण. १९३० सालचा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत फांशीं गेलेले चार हुतात्मे हें दुसरें. आणि चादरी हें तिसरें. हीं तिन्ही ठिकाणें थांबण्याजोगीं आहेत यांत संशय नाहीं. परंतु ज्या माणसांनीं त्या चादरी विणल्या, जीं माणसें मार्शल लॉच्या दिवसांत रस्त्यावर उतरलीं, तीं रात्रीं कोठें निजत होतीं, सकाळीं उठून कामावर कशानें जात होतीं, आणि त्यांचें घर व त्यांचें काम यांच्यामध्यें किती अंतर होतें, हे प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच विचारले जातात. राजवाड्याची लांबीरुंदी आपण हौसेनें मोजतों. कामगाराच्या रोजच्या चालीची लांबी मोजावी असें आपल्या मनांत येत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय ही चाल आहे.

त्यासाठीं सोलापूरच्या पूर्वभागांतून अक्कलकोटकडे जाणारा रस्ता घेऊं. अक्कलकोट हें पूर्वीं भोसल्यांचें लहानसें संस्थान. श्रीस्वामी समर्थांच्या समाधीमुळें आज या रस्त्यानें यात्रेकरूंच्या मोटारींची रीघ लागलेली असते. शहर संपतां संपतां विणकरांच्या वस्त्या लागतात. मग औद्योगिक विकास महामंडळानें आखलेली वसाहत, जिला सारें सोलापूर ‘अक्कलकोट रोड एमआयडीसी’ या नांवानेंच ओळखतें. आणि तिच्याही पलीकडे कुंभारी नांवाचें खेडें, ज्याच्या माळावर गेल्या वीस वर्षांत एक नवें शहर उभें राहिलें आहे. यात्रेकरूस हा रस्ता तासाभराचा. त्याच रस्त्याच्या कडेनें सकाळच्या प्रहरीं सायकलवर, पायीं, अथवा रिक्षांत दाटीवाटीनें बसून जाणारा कामगारांचा लोंढा पाहावा. रस्ता दोघांचा एकच. परंतु यात्रेकरूच्या दृष्टीनें तो रुंद झाला आहे, आणि कामगाराच्या दृष्टीनें तो लांब झाला आहे. असें कां झालें हें समजावयाचें तर थोडें मागें जावें लागतें.

सोलापुरांत कापड विणण्याचा धंदा गिरण्यांच्याही पूर्वींचा आहे. एकोणिसाव्या शतकांत तेलंगणांतून पद्मशाली कुटुंबें येथें येत राहिलीं. साळी, कोष्टी, तोगटी, कुरहिनशेट्टी अशा दुसऱ्याही विणकर जाती या शहरांत होत्या. पुण्याच्या गोखले संस्थेनें काकडे यांनीं केलेली सोलापूरच्या विणकर जातींची पाहणी १९४७ सालीं प्रसिद्ध केली, तोंवर या लोकांकडे अभ्यासाच्या दृष्टीनें फारसें कोणी पाहिलें नव्हतें. या विणकराच्या घरांत माग होता असें म्हणण्यापेक्षां त्याचें घर मागाभोवतीं बांधलेलें होतें असें म्हणणें अधिक बरोबर होईल. जमिनींत खड्डा, खड्ड्यांत पाय सोडून बसलेला विणकर, पलीकडे कांड्या भरणारी त्याची बायको, दाराबाहेर गल्लीच्या लांबीभर पसरलेला ताणा, आणि या साऱ्यांच्या मधून वाट काढीत खेळणारीं मुलें. चूल आणि माग यांच्यामध्यें पांच-सात हातांचें अंतर. कामावर जाणें हा शब्दप्रयोग त्या घरांत निरर्थक होता.

या चित्रास भुलून जाऊं नये. घरांतच काम म्हणजे घरांतच सुताची धूळ. घरांतच काम म्हणजे आजारी माणसाच्या उशाशीं धोट्याचा खटखटाट, आणि मूल धरूं लागलें कीं त्याच्या हातीं कांडी. सावकाराचें सूत आणून सावकारालाच कापड देणाऱ्या विणकरास आपल्या छपराखालीं बसून काम करण्याचें जें स्वातंत्र्य होतें, तें बहुतांशीं दिसण्यापुरतेंच होतें. तथापि एक गोष्ट त्याच्यापाशीं होती, जी पुढें त्याच्या नातवंडांपतवंडांपाशीं राहिली नाहीं. त्याचा दिवस वाटेंत खर्च होत नव्हता.

१८६० सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे सोलापुरास पोंचली, आणि १८७७ सालीं मोरारजी गोकुळदास यांची कापडगिरणी येथें निघाली. पुढें लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णु, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हां लोक पहिलीला ‘जुनी मिल’ म्हणूं लागले, आणि ती नाहींशी झाल्यावरही तें नांव राहिलें. १८८१ च्या शिरगणतींत शहराची वस्ती साठ हजारांच्या आसपास होती. एवढ्याशा शहरांत भोंगा वाजला कीं तो बहुतेक घरांत ऐकूं जाई. भोंग्याची हद्द तीच शहराची हद्द, असें त्या काळीं म्हणतां आलें असतें.

घर आणि काम यांची ताटातूट येथून सुरू झाली. परंतु ती पायांनीं झेपेल एवढीच होती, आणि याचें कारण मालकांची दया नसून कामाचे तास हें होतें. १९११ च्या फॅक्टरी कायद्यानें कापडगिरणींतील पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांवर आणला. १९२२ मध्यें तो अकरा तासांचा झाला, १९३४ मध्यें दहा तासांचा. बारा तास यंत्रापुढें उभा राहिलेला माणूस आणखी किती चालूं शकेल? तासाला चार-साडेचार किलोमीटर हा माणसाच्या पायांचा वेग. अर्ध्या तासाहून दूर राहणारा कामगार पहिल्या भोंग्यास हजर राहील याची शाश्वती नाहीं. म्हणून गिरण्यांनीं आपल्या आवारालगत चाळी बांधल्या. ज्यांस चाळींत खोली मिळाली नाहीं त्यांनीं जवळच्या पेठांतून दाटी केली. चाळीची खोली मिळे ती नोकरीबरोबर, आणि नोकरी गेली कीं खोलीवरचा हक्कही डळमळूं लागे. घर जवळ आलें खरें, पण त्या घराचा दोर गिरणीच्या फाटकाशीं बांधलेला होता.

हा दोर किती घट्ट असूं शकतो याचें उदाहरण सोलापुरांतच आहे, आणि तें सांगतांना संकोच वाटतो. ज्या जमातींस इंग्रज सरकारच्या कायद्यानें जन्मतःच गुन्हेगार ठरविलें होतें, त्यांच्यासाठीं येथें तारेच्या कुंपणाची एक मोठी सेटलमेंट वसविण्यांत आली. आंतील माणसें गिरण्यांत कामास जात, ठराविक वेळीं परत येत आणि हजेरी देत. घर ठरलेलें, काम ठरलेलें, दोहोंमधील वाटही ठरलेली. नगररचनेच्या पुस्तकांत कामगाराचें घर व कारखाना जवळ असावा असें जें तत्त्व सांगितलेलें असतें, तें या कुंपणांत तंतोतंत पाळलेलें होतें! ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा रद्द झाला. तेथील वस्त्यांस ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हें नांव पडलें, तें आजही चालू आहे. त्यांतील मधला शब्द त्या लोकांस किती मोलाचा वाटला असेल याची कल्पना बाहेरच्या माणसानें करून पाहावी. घर आणि काम जवळ असणें हें चांगलें कीं वाईट, याचें उत्तर निवड कोणाची होती यावर अवलंबून आहे, हें सोलापूरकरांस कोणी शिकवावें लागत नाहीं.

गिरणीच्या सावलींतील घराचा आणखी एक धोका असतो. ऑगस्ट १९४९ मध्यें जुनी मिल बंद पडली. सरकारनें वटहुकूम काढून तिचा कारभार हातीं घेतला. तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें आणि १९५० च्या डिसेंबरांतील त्या निकालपत्रामुळें सोलापूरच्या गिरणीचें नांव राज्यघटनेच्या विद्यार्थ्यांस आजही पाठ असतें. घटनापंडितांच्या दृष्टीनें तो मालमत्तेच्या व समतेच्या हक्काचा प्रश्न होता. गिरणीशेजारच्या गल्लींत राहणाऱ्या माणसापुढें मात्र वेगळाच प्रश्न होता: काम गेलें, आतां हें घर कशासाठीं? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत एकामागून एक मोठ्या गिरण्या थंडावल्या, आणि कामाजवळ म्हणून घेतलेलीं घरें जागच्या जागींच कामापासून दूर झालीं.

येथें सायकलीकडे वळणें प्राप्त आहे. दोन समान चाकांची व मागच्या चाकास सांखळी असलेली सायकल इंग्लंडांत १८८५ च्या सुमारास सिद्ध झाली, १८८८ मध्यें डनलॉपनें हवेची धांव शोधली, आणि थोड्याच वर्षांत ती आपल्याकडे साहेबांची, मग वकील-मास्तरांची चैन म्हणून आली. तेव्हांच्या नगरपालिका तिच्यावर कर घेत, करापोटीं पत्र्याचा बिल्ला देत, आणि रात्रीं दिवा नसल्यास किंवा मागें दुसरा माणूस बसविल्यास पोलीस दंड करीत. ती खऱ्या अर्थानें कामगाराच्या हातीं आली ती स्वातंत्र्यानंतर, मद्रास, आसनसोल, सोनीपत, लुधियाना येथें सायकलींचे कारखाने निघून किंमती आटोक्यांत आल्यावर. ज्यास विकत घेणें परवडत नसे तो तासाच्या भाड्यानें घेई. सायकल भाड्यानें देणारें दुकान हें त्या काळच्या चौकाचें एक नेहमींचें अंग होतें.

सायकलीनें काय केलें हें आकड्यांत सांगतां येतें. पायीं अर्ध्या तासांत माणूस दोन-सवादोन किलोमीटर जातो. सायकलवर, फारशी घाई न करतां, सहा-सात. म्हणजे त्रिज्या तिप्पट झाली. आणि त्रिज्या तिप्पट झाली कीं वर्तुळाचें क्षेत्र नऊपट होतें. कामावरून अर्ध्या तासांत पोंचतां येईल अशी जी जमीन कामगारास राहावयास उपलब्ध होती, ती सायकल घेतांच नऊपट झाली. घरमालकाच्या मुठींतून कामगारास सोडविण्याचें जें कार्य मोठमोठ्या गृहनिर्माण योजनांस साधत नव्हतें, तें बावीस इंची चौकटीच्या या साध्या यंत्रानें कांहीं अंशीं मुकाट्यानें साधलें. सोलापूरची भूमि सपाट आहे हेंही येथें उपयोगी पडलें. उन्हाळ्यांतील पारा मात्र चाळिसांच्या पुढें जातो आणि दुपारच्या पाळीस जाणाऱ्याची कसोटी पाहतो. विशेष असें कीं, या यंत्रासाठीं कोणत्याही सरकारास वेगळा रस्ता बांधावा लागला नाहीं. आणि बहुधा याचमुळें, वेगळा रस्ता बांधण्याची वेळ आली तेव्हां तो बांधावा असें कोणास सुचलें नाहीं.

२०११ च्या जनगणनेंत शेतीबाहेरच्या कामगारांस कामावर कसे जातां हें विचारलें गेलें. सबंध देशांत अशा कामगारांपैकीं बावीस टक्क्यांहून अधिक पायीं आणि सुमारे तेरा टक्के सायकलनें जात असल्याचें आढळलें. मोटारीनें जाणारे तीन टक्केही नव्हते. सुमारे तीस टक्के लोक मुळीं कोठें जातच नव्हते, म्हणजे त्यांचें काम घरींच होतें. विणकर आणि विडी वळणाऱ्या बायका यांचें सोलापूर या शेवटच्या आकड्यांत प्रामुख्यानें बसावें. पण तेंही आतां पूर्वीइतकें बसत नाहीं.

कारण हातमागाची जागा यंत्रमागानें घेतली. यंत्रमाग घरांत बसवितां येतो, आणि पूर्वभागांतील कित्येक घरांत तो बसला. भिंती हादरत राहिल्या, शेजारी जागे राहिले. पण दहा-वीस माग एका छपराखालीं चालवावयाचे तर जागा पाहिजे, वीज पाहिजे, मालमोटार वळावयास रस्ता पाहिजे. १९६१ च्या कायद्यान्वयें १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. जमीन घ्यावी, भूखंड पाडावे, पाणी-वीज-रस्ते आणावे आणि ते भूखंड उद्योजकांस द्यावे, हें त्याचें काम. अक्कलकोट रस्त्यावरची वसाहत त्यांतलीच. चादरी आणि टॉवेल यांचे माग तेथें आलेच, पण मोटारींच्या इंजिनांतील कॅमशाफ्ट घडविणारा कारखानाही आला. १९९२ सालीं शहराची हद्द वाढून क्षेत्र सुमारें १७८ चौरस किलोमीटर झालें. कारखाना वस्तींतून बाहेर न्यावा हा विचार मुळांत चुकीचा नव्हता. ज्याच्या भिंतीपलीकडे रात्रभर माग धडधडत असे त्या गृहस्थास विचारून पाहावें. परंतु भूखंडांच्या नकाशावर कारखान्याचा चौकोन असतो, झाडांचा असतो, विजेच्या केंद्राचा असतो. त्या कारखान्यांत काम करणारा माणूस रात्रीं कोठें जाईल याचा चौकोन नसतो. तो कोठून तरी येईल असें गृहीत धरलेलें असतें.

कांहीं वेळां तो कोठूनच येत नाहीं, तेथेंच राहतो. १८ मे २०२५ रोजीं पहाटे या वसाहतींतील एका टॉवेलच्या कारखान्यास आग लागली आणि आठ माणसें मेलीं. त्यांत कारखान्याचा वृद्ध मालक होता, त्याच्या घरचीं माणसें होतीं, एक तान्हें मूल होतें, आणि आवारांतच बिऱ्हाड करून राहिलेलें एका कामगाराचें कुटुंब होतें. मालक आणि मजूर दोघेही कारखान्यांतच राहत होते, ही गोष्ट त्या बातमीच्या गडबडींत अनेकांच्या नजरेंतून निसटली. खड्ड्याच्या मागापाशीं निजणारा पद्मशाली शंभर वर्षांनीं येथें पुन्हां दिसतो. फरक इतकाच कीं आतां त्याच्या उशाशीं सुताच्या राशी, विजेच्या तारा आणि पहाटेच्या वेळीं बंद असलेलीं दारें असतात. अशा वेळीं चौकशी होते ती आग कशानें लागली याची. तीं माणसें तेथें कां निजत होतीं याची चौकशी करणें कोणत्याच खात्याकडे नसतें.

आतां कुंभारीचा माळ. सोलापुरांत पुरुष मागावर आणि बाई विडीवर, ही संसाराची घडी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. मांडीवर सूप, सुपांत तंबाखू, कात्रीनें कापलेलीं टेंभुर्णीचीं पानें. दिवसाकांठीं हजार विड्या वळल्या तर पदरांत मजुरी. काम घरींच, पण पान-तंबाखू आणावयास आणि वळलेल्या विड्या मोजून द्यावयास कारखान्याच्या शाखेंत गेलेंच पाहिजे, आणि मोजणींत वाईट म्हणून टाकलेल्या विड्यांवरून वाद घातलाच पाहिजे. या बायकांस विडी कामगारांच्या १९६६ च्या कायद्यानें कांहीं हक्क आणि १९७६ च्या कल्याणनिधीनें घरासाठीं साह्य मिळावयाचें होतें. तें प्रत्यक्षांत उतरविण्याची खटपट लाल बावट्याच्या संघटनेनें नरसय्या आडम यांच्या पुढारीपणाखालीं १९९० नंतरच्या दशकांत चालविली. आडम मास्तरांच्या राजकारणाशीं ज्यांचें पटत नाहीं त्यांनींही एवढें मान्य केलें पाहिजे कीं, दहा हजार विडी कामगार बायकांच्या नांवानें घरें बांधून घेणें ही गोष्ट आपल्या देशांत रोज घडत नाहीं. केंद्र सरकारनें एक हिस्सा द्यावा, राज्यानें एक, आणि बाईनें स्वतः एक, अशा हिशेबानें तीं घरें उभीं राहिलीं. वारल्यांमध्यें आयुष्य वेंचलेल्या गोदावरी परुळेकर यांचें नांव त्या वसाहतीस दिलें गेलें, आणि १ सप्टेंबर २००६ रोजीं पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्तें तिचें लोकार्पण झालें.

यानंतर त्याच कुंभारीच्या परिसरांत ‘रे नगर’ ही तीस हजार घरांची योजना आली. ९ जानेवारी २०१९ रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीं तिची पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ रोजीं पहिल्या पंधरा हजार घरांचा ताबा देण्याचा समारंभही त्यांच्याच हस्तें झाला. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, शिलाई कामगार, कचरा वेंचणारे असे लोक तिचे सभासद. एकेका इमारतींत छत्तीस घरें, अशा आठशेंहून अधिक इमारती. एका घरांत चार माणसें धरलीं तरी तीस हजार घरांचीं सव्वा लाखाच्या जवळपास माणसें होतात. १८८१ सालचें सगळें सोलापूर दोनदां घेतलें म्हणजे एवढी वस्ती होते. आणि ही वस्ती शहराच्या मध्यापासून दहा किलोमीटरांहून अधिक दूर आहे.

दूर कां, याचें उत्तर साधें आहे. जवळ जमीन स्वस्त नाहीं. गरिबाचें घर जितकें शहराबाहेर न्यावें तितकें तें बांधावयास स्वस्त पडतें, आणि राहावयास महाग. बांधण्याचा खर्च एकदांच होतो व तो सरकारच्या वहींत लिहिला जातो. राहण्याचा खर्च रोज होतो व तो कोणाच्याच वहींत लिहिला जात नाहीं. कुंभारीच्या बाबतींत एक समाधानाची गोष्ट अशी कीं, यंत्रमागावर काम करणाऱ्यास औद्योगिक वसाहत वाटेवरच पडते. गिरणगांवानंतर प्रथमच घर आणि माग यांना एकमेकांच्या हांकेच्या टप्प्यांत आणण्याचा योग येथें आला आहे. पण ज्या बाईस शहरांत धुणींभांडीं करावयाचीं आहेत, ज्या मुलास वरच्या वर्गाची शाळा शहरांतच आहे, ज्या म्हाताऱ्यास सरकारी दवाखान्यांत जावयाचें आहे, त्यांना घर मिळालें आणि शहर मात्र अंतरलें.

असा प्रसंग आपल्या देशांत पूर्वीं आला नव्हता असें नाहीं. मुंबई सरकारच्या डेव्हलपमेंट खात्यानें १९२० नंतर गिरणीकामगारांसाठीं २०७ चाळी बांधल्या. त्यांपैकीं वरळीच्या चाळी पुष्कळ वर्षें ओस पडल्या होत्या. भाडें जास्त, सोयी थोड्या आणि गिरण्या लांब. शेवटीं सत्याग्रहाच्या दिवसांत सरकारनें त्यांतल्या कांहींचा तात्पुरता तुरुंग केला! कामगारांसाठीं बांधलेल्या घरांत राहावयास शेवटीं कैदी सांपडले, ही गोष्ट गृहनिर्माणाच्या प्रत्येक कचेरींत चौकटींत लावून ठेवण्यासारखी आहे. उलट लंडनची गोष्ट पाहा. तेथें १८८३ सालच्या कायद्यानें रेल्वे कंपन्यांना पहाटेच्या गाड्या कामगारांसाठीं स्वस्त दरानें सोडणें भाग पाडलें. पुढें १९०३ सालीं लंडन काउंटी कौन्सिलनें टूटिंग येथें आपली कामगारघरांची वसाहत उघडली, तेव्हां त्याच वर्षीं विजेची ट्रामही तेथवर नेली. घर बांधणारा आणि ट्राम चालविणारा मालक एकच होता, म्हणून तें जमलें.

अक्कलकोट रस्त्यावर मालक किती? औद्योगिक वसाहत आखली महामंडळानें. शहर बस महानगरपालिकेची. एस. टी. राज्याची. रस्ता आतां राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे केंद्राचा. कुंभारीची वस्ती ग्रामपंचायतीच्या हद्दींतील. यांपैकीं प्रत्येकाजवळ रस्त्याचा एकेक तुकडा किंवा प्रवाशाचा एकेक प्रहर आहे. घरापासून मागापर्यंतची अखंड वाट कोणाजवळच नाहीं. सोलापूरची शहर बस एके काळीं कामगारांच्या रोजच्या जीवनाचा भाग होती. पुढें तिच्या गाड्या कमी कमी होत गेल्या. केंद्राच्या योजनेंतून आलेल्या नव्या गाड्याही फार दिवस रस्त्यावर टिकल्या नाहींत. त्यांची जागा भरली ती तीनचाकी रिक्षांनीं. रिक्षा माणसें पुरेशीं भरल्याशिवाय निघत नाहीं आणि रात्रींच्या पाळीनंतर सहसा मिळत नाहीं; तरीही ती आहे म्हणून लोकांचें चाललें आहे, हें नमूद करणें न्यायाचें होईल. २०२३ सालच्या केंद्रीय योजनेंतून सोलापुरास विजेवर चालणाऱ्या बसगाड्या द्यावयाचें ठरलें, तेव्हां त्या गाड्या कोणत्या मार्गांवर धांवाव्या याचा विचार करणाऱ्यांनीं हा रस्ता एकदां सकाळीं सहा वाजतां आणि एकदां रात्रीं पाहावा, एवढेंच सुचवावेंसें वाटतें.

सायकलस्वाराची अवस्था तर चमत्कारिक आहे. चौपदरी रस्ता झाला, मध्यें दुभाजक आला, मोटारींचा वेग वाढला. पूर्वीं ज्या ठिकाणीं माणूस चार पावलांत रस्ता ओलांडून कारखान्याच्या फाटकांत शिरे, तेथें आतां त्यानें दुभाजकाच्या पुढच्या खिंडीपर्यंत जाऊन परत मागें यावें अशी अपेक्षा आहे. तो तसें करीत नाहीं. तो कडेनें उलट्या बाजूनें सायकल हांकतो, आणि अपघात झाला कीं नियम मोडल्याचा दोष त्याच्या माथीं येतो. २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानें गाड्यांपेक्षां माणसांच्या जाण्यायेण्याचा विचार आधीं करावा असें सांगितलें होतें. त्याच वर्षीं पुण्यांत जलद बसचा प्रयोग सुरू झाला आणि त्याच्या जोडीला सायकलींचे मार्गही आखले गेले. पुण्याचे ते मार्ग पुष्कळ ठिकाणीं तुटक राहिले, कोठें त्यांवर दुकानें आलीं, कोठें मोटारी उभ्या राहूं लागल्या. तें उदाहरण दाखवून सायकलमार्ग ही चैन आहे असें म्हणणारे लोक भेटतात. त्यांना एवढेंच विचारावें कीं, पुण्याच्या भर वस्तींत, जेथें दर पन्नास पावलांवर एक गल्ली फुटते, तेथें जें कठीण गेलें, तें एका सरळ, सपाट, दोन्ही टोकांस कामगारांचीच वस्ती असलेल्या रस्त्यावर कठीण कां जावें? पांच-सात किलोमीटरांचा, मोटारींपासून कठड्यानें तोडलेला, दोन सायकली शेजारून जातील इतका पट्टा. दुतर्फा झाडें, कारण ऊन सोलापूरचें आहे. आणि वसाहतीच्या फाटकांसमोर ओलांडण्याची सोय. एका उड्डाणपुलाच्या खर्चापुढें हा खर्च कोणी लक्षांतही घेणार नाहीं.

२०१६ सालीं स्मार्ट शहरांच्या पहिल्या वीस नांवांत सोलापूर आलें, आणि शहराच्या मध्यभागीं कांहीं रस्ते सुशोभित झाले. फिरावयास जाणाऱ्यांना ते आवडले, आवडण्यासारखेच आहेत. त्या नकाशाच्या चौकटींत अक्कलकोट रस्ता नव्हता. कुंभारीचीं घरें हातीं आलीं तेव्हां बायकांनीं किल्ल्या कपाळास लावल्या असतील, आणि त्या लावाव्या अशीच ती गोष्ट होती. त्यांतल्या कित्येकींच्या कुळांत स्वतःच्या नांवाचें दार पहिल्यानेंच आलें असेल. परंतु त्या दारांतून सकाळीं बाहेर पडल्यावर शाखेकडे, मागाकडे किंवा शाळेकडे जाणाऱ्यास पहिली गांठ पडते ती महामार्गाचीच. पहिल्या पंधरा हजार घरांनंतरचीं घरें जसजशीं भरत जातील तसतशी या रस्त्याच्या कडेची रांग लांबत जाईल, आणि सकाळीं सहाच्या बसची वाट पाहणारांत विडीचें सूप पिशवींत घातलेल्या बायकाही असतील.